फोनवरून दिलेले पैसे आणि कार्डाचे बक्षीस

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजारात भाजी मोजून झाली की भाजीवाली वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची एक काडी टाकते. त्या मिरच्या कोणाच्या? तिच्याच. आपण नेहमीचे गिऱ्हाईक, म्हणून ती स्वतःच्या नफ्यातून देते. हा व्यवहार आपल्याला लहानपणापासून कळतो. परंतु क्रेडिट कार्डावर खरेदी केली म्हणजे बँक जे बक्षिसाचे पॉइंट देते, ते कोणाच्या टोपलीतून येतात, हे फारसे कोणी विचारीत नाही. पालघरला माझ्या वर्गात बोईसरहून येणाऱ्या एका मुलाने ते विचारले. वडील तारापूरच्या कारखान्यात कामाला. कार्ड नवे, फोनला जोडलेले. तो म्हणाला, "सर, पॉइंट फुकट मिळतात म्हणतात, मग दुकानदार तोंड वाकडं का करतो?"

उत्तर देण्यापूर्वी थोडी निवडानिवड करावी लागते. 'फोनवरून पैसे दिले' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे फोनमधले पाकीट: त्यात आधी पैसे भरावयाचे, मग खर्चावयाचे. दुसरी यूपीआय. ही २०१६ साली आली, आणि तिच्यात पैसे थेट बँकेच्या खात्यातून जातात. तिसरी म्हणजे त्याच यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडणे. यास रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये अनुमती दिली व त्याच वर्षी सप्टेंबरात ती सोय सुरू झाली; परंतु ती रुपे कार्डांपुरतीच आहे. दुकानातली चौकोनी खूण तीच, आवाज करणारा डबाही तोच. आतला व्यवहार मात्र वेगळा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तुमच्या बँकखात्यातून यूपीआयने पैसे गेले, तर दुकानदाराला त्याबद्दल काही द्यावे लागत नाही. १ जानेवारी २०२० पासून ते शुल्क शून्य आहे. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. समजा, बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही पाच हजारांचे सामान घेतले आणि शुल्क शेकडा दोन आहे. दुकानदाराचे शंभर रुपये कापले जातात, वर त्यावरचा कर. या शंभरांतला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्यातलाच एक तुकडा पॉइंट होऊन तुमच्याकडे येतो. म्हणजे मिरच्या भाजीवालीच्याच, पण वाटतो दुसराच, आणि धन्यवादही त्यालाच! तोंड वाकडे होणार नाही तर काय?

लहान दुकानदाराला यातून थोडी सवलत आहे. रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवरून दोन हजारांपर्यंतची रक्कम आली, तर त्याच्याकडून शुल्क घेत नाहीत. पण जिथे शुल्क नाही तिथे बँकेला तरी बक्षीस वाटण्याचा उत्साह कोठून असणार? म्हणून काही बँका यूपीआयवरच्या खर्चाला पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत. पाकिटात कार्डाने पैसे भरले तर पुष्कळ बँका पॉइंट देत नाहीत. उलट पाकीटवाली कंपनी भरणावळ मागते, ती वेगळीच. विजेचे बिल, घरभाडे, पेट्रोल यांनाही अनेक कार्डांवर हाच न्याय आहे. हे नियम बँक मध्येच बदलते, तेव्हा शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्याला मिळतील असे धरून चालू नये.

आणखी एक. कार्डाचे पैसे दुकानालाच जातात, माणसाला नाही. सातपाटीच्या मावशीकडून पापलेट घेतले आणि तिच्या टोपलीवरची खूण तिच्या मुलाच्या स्वतःच्या खात्याची असली, तर तिथे क्रेडिट कार्ड चालणार नाही. त्यात फोनचाही दोष नाही आणि मावशीचाही नाही. खात्यातून पाठवावेत, नाहीतर रोख द्यावेत.

शिक्षक बंधुभगिनींना शेकडेवारीच्या धड्यासाठी एक उदाहरण सुचवतो. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे धरा. महिन्याला दहा हजार खर्चले, तर बक्षीस किती? पंचवीस रुपये. आता तेच दहा हजार मुदतीत न भरता महिनाभर थकवले आणि व्याज दरमहा शेकडा साडेतीन असले, तर साडेतीनशे रुपये झाले. त्यावर शेकडा अठरा कर, म्हणजे त्रेसष्ट. एकूण चारशे तेरा. पंचविसाने भागा: साडेसोळा महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात गेले. उशिराचा दंड अजून धरलेलाच नाही. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो, त्यावर भुलून मुले सांगतील की तेवढे भरले की झाले. तसे नाही. तेवढ्याने दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते, आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. हा हिशेब मुलांनी फळ्यावर न करता घरच्या बिलावर केला तर अधिक बरे. आमच्या त्या विद्यार्थ्याने तो केला. वडिलांनी कार्ड ठेवले, मात्र पगार जमा झाला की पूर्ण बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाकली.

जाता जाता सांगतो, 'तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालच्या दुव्यावर दाबा' असा संदेश आला तर दाबू नका. पॉइंट घ्यायचेच असतील तर बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून घ्यावेत, किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर विचारावे. यूपीआयचा गुप्त अंक पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. कोणी फसलेच, तर लाजून घरात बसू नये, त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी अडवता येण्याचा संभव असतो.