आधी येणारी माणसं



 आज पदवी घेतलेल्या तुमच्यापैकी पुष्कळांनी एन.एस.एस.चे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) २४० तास भरलेत, सात दिवसांचं शिबिरही केलंय. प्रमाणपत्र फायलीला लागलं, मुलाखतीत दाखवायची सोय झाली. त्यात वाईट काही नाही. पण उद्यापासून तुमचे तास कुणी मोजणार नाही. मला बोलायचंय ते त्या तासांबद्दल.

१५ जून २०२५ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. एनडीआरएफची पथकं येण्याआधी आसपासच्या गावांतली माणसं पाण्यात उतरली होती. त्याआधीच्या वर्षी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांचा शोध घेणाऱ्यांत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ संस्थेचे स्वयंसेवक होते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या घाटमाथ्यावर मदतीसाठी असे फोन दर पावसाळ्यात येतात. फोन उचलणारा दिवसभर आपली नोकरी किंवा धंदा करून घरी आलेला असतो.

आपण अशांना देवदूत म्हणतो, हार घालतो आणि मोकळे होतो. मला हा शब्द पटत नाही. देवदूत म्हटलं की त्याची तयारी कुणी विचारत नाही. लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या उतारावरून जखमी माणूस खाली आणायचा म्हणजे काय असतं, ते बघा. स्ट्रेचरला दोन्ही बाजूंनी मिळून सहा जण लागतात. पायाखाली शेवाळलेला कातळ, वरून पाऊस, धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नाही. थोडं अंतर गेलं की हात बदलायचे. स्ट्रेचरच्या मागे रोप असतो, तो वर झाडाला किंवा खडकाला पक्का बांधलेला. एक जण तिथे उभा राहून तो वीत-वीत सोडत असतो. पेपरातल्या फोटोत सहा जण दिसतात, रोप सोडणारा दिसत नाही. त्याची गाठ सुटली तर सगळेच खाली. ती गाठ त्याने कुठल्याशा कोरड्या रविवारी, कुणी अडकलेलं नसताना, पुन्हा पुन्हा मारून बघितलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. घटना घडल्यावर धावणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आधी येऊन बसणाऱ्यांची आहे. कुंडमळ्याचा पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावून जबाबदारी संपली असं प्रशासनाला वाटलं, आणि फलक वाचूनही पुलावर जायला हरकत नाही असं आपल्याला. दोषाचं वाटप ज्याचं त्याने करावं; आपल्या वाट्याचं मात्र नाकारू नये.

ग्रामसभेचंच घ्या. वर्षातून निदान चार होतात. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितकी माणसं हजर लागतात. ती जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे मग दहा-पंधरा डोकी बसून गावाचा रस्ता, पाणी, साकव ठरवतात. नंतर पारावर आणि व्हॉट्सॲपवर आपण त्यांच्या नावाने खडे फोडतो. सोसायट्यांमध्ये नव्याने राहायला आलेली मंडळी तर ग्रामसभा ‘गाववाल्यांची’ समजतात. पाणी तेच पितात, कचरा त्याच ओढ्याकाठी जातो, पण सभा मात्र गाववाल्यांची.

याच मातीत याच्या उलट घडलेलं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. एखाद्या धनिकाची मोठी देणगी कदाचित लवकर मिळाली असती. पण ज्याने पैसा दिला, त्याला ‘कारखान्याचं पुढे काय झालं?’ असं विचारायचा हक्क वाटला असणार. वर्गणीचा खरा फायदा मला हाच वाटतो.

तुमच्यातले निम्मे जण हिंजवडीला, चाकणला किंवा मुंबईला नोकरी धरतील. जरूर धरा. पण इथेही लक्ष असू द्या. आपला लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढेल, कचरा वाढेल, अपघातही वाढतील, आणि राखायला माणसं लागतील ती इथलीच. तेव्हा एकच काम निवडा. गडावर श्रमदान करा, नाहीतर बचाव पथकात रोप धरायला शिका. ‘आपदा मित्र’ या सरकारी योजनेच्या प्रशिक्षणाची मावळच्या वडगावला तहसील कचेरीत जाऊन चौकशी करा. यातलं काहीच जमणार नसेल, तर पुढच्या ग्रामसभेला जा, नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर आपल्या नगरसेवकाला गाठा, आणि आपल्या भागातल्या पुलाची, साकवाची तपासणी शेवटची कधी झाली, एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा.