मातीच्या घरातला हिवाळा



इंग्लंडच्या खेड्यांतील चिमुकल्या घरांची वर्णने आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेली असतील. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो; ओला गारठा हाडांत शिरतो; दारे-खिडक्या बंद करून सारे कुटुंब भिंतीतल्या धुरांड्याखाली पेटलेल्या जाळाभोवती गोळा होते आणि वसंताची वाट पाहते. यांतील कित्येक घरे मातीची आहेत, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. डेव्हन परगण्यात ओल्या मातीत गव्हाचा पेंढा तुडवून उभारलेल्या, हात-दीड हात जाडीच्या भिंतींची घरे शतकानुशतके उभी आहेत. त्यांचे जोते दगडी असते आणि छपराच्या वळचणी पावसापासून भिंत वाचेल इतक्या पुढे काढलेल्या असतात. हे वाचले की मला सातासमुद्रांपलीकडचे नव्हे, तर यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या नेर परसोपंतचे, आणि आसपासच्या मौज्यांतले घर आठवते. मात्र एका बाबतीत या दोन घरांची रीत अगदी उलट आहे. तिकडचा हिवाळा माणसाला घराच्या आत नेतो; आमच्याकडचा हिवाळा घरालाच अंगणात आणतो. आमच्याकडच्या या घराच्या हिवाळी दिनक्रमाविषयी आज बोलावे, असे योजिले आहे.

प्रथम भिंतीचा विचार करू. आमच्या वऱ्हाडात शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे, आणि घरबांधणीत त्याला व्यावहारिक अर्थ आहे. काळी माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरी माती तशी फुगत नाही. म्हणून ती भिजवून, तुडवून, तीत कुटार किंवा गवत मिसळून भिंत चढवावयाची, बाहेरून गिलावा करावयाचा, आतून सारवावयाचे, आणि वर सागवानी फाट्यांवर कवेलू घालावयाचे, ही जुनी वहिवाट. आमच्या भागात हिवाळ्यात दुपारी पारा २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे कित्येकदा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा हवेत जाड भिंत दिवसभर ऊन सावकाश पिते आणि रात्री तितक्याच सावकाश ते आत सोडते, त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असतानाही माजघरात जीव गारठत नाही; आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला म्हणजे हीच भिंत उन्हाला दाराशी थोपवून धरते.

पहाट होते ती अंगणातल्या चुलीवर. आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी घरातली चूल अडवावयाची नाही, हा गृहिणींचा अलिखित कायदा. म्हणून बाहेर तीन दगडांवर पाण्याचा गुंड चढतो आणि खाली तुराट्या व पऱ्हाट्या धडाधड पेटतात. त्याच जाळाभोवती म्हातारी माणसे आणि शाळेला निघालेली मुले हात शेकीत बसतात, आणि गावातली बरीवाईट वार्ता तेथेच फिरते. ऊन अंगणात उतरले की संसारही त्याच्या मागोमाग बाहेर येतो: धान्य निवडणे, तूर सोलणे, वाकळी वाळत घालणे, लहानग्यांना तेल लावणे ही सारी कामे उन्हाच्या सरकत्या पट्ट्याबरोबर सरकत जातात. आमच्याकडे सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, आणि त्याचा एकही तास वाया जात नाही.

कारण हिवाळा हा आमच्याकडे विश्रांतीचा नव्हे, कमाईचा ऋतू आहे. कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही होते. शेतात पऱ्हाटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखविल्यावाचून वेचणीला हात घालावयाचा नाही, असा रिवाज. मग बायाबापड्या कमरेला ओटी बांधून धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत वेचीत जातात, आणि भाव मनाजोगता येईपर्यंत घरातली एक खोली आढ्यापर्यंत पांढऱ्या कापसाने भरून जाते. त्यातलाच थोडा मागे ठेवून, सरकी काढून, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला की रजई होते. जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवली की वाकळ होते. पण हा कापूस घरापुरताच राहिला नाही. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली, आणि आमच्या काळीतला कापूस मोठ्या प्रमाणावर समुद्रापार जाऊ लागला. इंग्लंडातल्या त्या मातीच्या घरांत ज्या सुती कापडाने थंडी वारली असेल, त्यातला काही कापूस वऱ्हाडी शेतात वेचलेला असणे मुळीच अशक्य नाही. ज्यांनी तो वेचला, त्यांच्या पदरी मात्र बहुधा जुन्या लुगड्यांची वाकळच राहिली, हेही विसरता येत नाही.

स्वयंपाकघरातली समृद्धीही याच ऋतूची. तुरीचे कोवळे सोले आणि वांगी यांची झणझणीत भाजी, तुराट्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, शेतावर आगटीत भाजलेला हुरडा, चंपाषष्ठीचे रोडगे आणि संक्रांतीचा तीळगूळ. या क्रमाने मार्गशीर्ष आणि पौष सरतात. तीळ, जवस, गूळ, बाजरी हे सारे शरीराला उष्णता देतात, असे घरोघर मानले जाते. पहाटे हरभऱ्याच्या झाडांवर स्वच्छ फडके पसरून दवात भिजलेली आंब पिळून घेण्याची, आणि ती पोटदुखीवर जपून ठेवण्याची रीतही जुन्या माणसांना ठाऊक आहे.

रात्र मात्र सर्वांनाच घरात काढता येत नाही. रानडुकरे आणि रोही म्हणजे नीलगाई यांच्यापासून तूर-हरभरा वाचविण्यासाठी घरातल्या कर्त्या पुरुषाला घोंगडी घेऊन जागलीला जावे लागते. आणि वीज रात्रीच्या पाळीत मिळाली तर गव्हाला ओलीत करण्यासाठी ऐन थंडीत गुडघाभर गार पाण्यात उभे राहावे लागते. घराची ऊब ज्याच्या कष्टाने टिकते, तोच तिला पुष्कळदा पारखा असतो.

या घराचे गुणगान करताना त्याचे दोष झाकणे योग्य होणार नाही. इंग्लंडातल्या घराला धुरांडे लाभले. आमच्या घरातला धूर कवेलूंच्या फटींतून वाट काढी. त्याने आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे किडीपासून राखली हे खरे, पण चुलीपुढे जन्म काढणाऱ्या स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे त्याने जाळली, हेही तितकेच खरे. स्वयंपाकाचा गॅस आला, हे त्या दृष्टीने मोठे कल्याण झाले. भिंतींत विंचू निघतात, दरसाल कवेलू फेरावे लागतात, सारवण कधी संपत नाही. जळणासाठी घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत तग धरून राहते आणि पुढल्या हंगामात पिकावर उतरते. २०१७ साली या अळीने विदर्भातील कापसाचे केवढे नुकसान केले, ते शेतकऱ्यांच्या स्मरणात ताजे आहे. म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटावी व तिचे ढीग साठवून ठेवू नयेत, हा कृषी खात्याचा सल्ला मानणेच हिताचे.

आता गावोगाव घरकुले उभी राहत आहेत, आणि पावसात भिंत खचण्याच्या धास्तीतून अनेक गरीब कुटुंबे सुटली, याचा आनंदच मानावयास हवा. परंतु सरकारी नियमाने ठरलेल्या २५ चौरस मीटरांच्या किमान जागेत कापूस कोठे ठेवावा, जनावरे कोठे बांधावी, आणि पातळ भिंतीवर टिनाचे छप्पर घातले तर पौषाची रात्र व वैशाखाची दुपार कशी काढावी, हे प्रश्न उरतातच. म्हणून नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकास माझी कळकळीची विनंती आहे, की पक्के घर अवश्य बांधा, पण बांधण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना चार गोष्टी विचारा. सकाळचे ऊन येईल अशी पूर्वेला ओसरी ठेवा. निदान उन्हाच्या बाजूची भिंत जाड घाला. टिनाखाली लाकडाचे किंवा बांबूचे छत द्या. आणि घरापुढे अंगण राखा. आपल्या हवेत कसे राहावे हे शहाणपण या मातीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. ते सिमेंटच्या घरातही नांदू शकते, आणि ते नांदविणे आपल्याच हाती आहे.