दिवेलागणीचा दीड तास

(वाणगाव येथील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत गेलेला. यंत्रविद्येवर आम्ही अधिकारवाणीने बोलावे, अशी अपेक्षा आपण करणार नाही. अनुभवाचे चार बोल ऐकून घ्यावेत, एवढीच विनंती.

यंत्राचा तिरस्कार करणे आम्हां वाणगावकरांस शोभणारे नाही. 1969 साली शेजारी तारापूरला अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागली. 2013 साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि आपल्या नोकरदारांची सोय झाली. मोबाइल नसता, तर मिरचीच्या बागाईतदारास बाजारभाव घरबसल्या कळता ना. 2020 च्या महामारीत शाळा बंद पडल्या, तेव्हा याच यंत्राने मुलांचे पाठ कसेबसे चालू ठेवले. हे उपकार आम्ही विसरत नाही. पण उपकारकर्त्यास घराचा धनी करावे काय?

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरात आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, यंत्रे विझली, आणि आम्ही सर्व ओटीवर येऊन बसलो. मातोश्री म्हणाल्या, "आज घरात माणसे आहेत वाटते!" बोलता बोलता कळले की, उजव्या डोळ्याने त्यांना कित्येक महिने नीट दिसत नव्हते. "सांगितले का नाहीत?" असे आम्ही विचारले. त्या उत्तरल्या, "सांगू कोणाला? सगळ्यांच्या माना खाली." त्या माना नातवंडांच्याच नव्हत्या, त्यांत आमचीही होती. पुढे मोतीबिंदू काढला व दृष्टी आली. परंतु ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून एक नेम आरंभिला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघर दूरदर्शन व मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासास बसतात, मोठी माणसे वाचतात वा बोलतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी करण्याचा ठराव केला. दोहोंचा हेतू चांगलाच. तथापि आम्हांस वडगावचा मार्ग अधिक रुचतो, कारण तो वडीलधाऱ्यांनाही बांधतो. चाळीस मुलांच्या वर्गात आम्ही एवढे शिकलो की, गुरुजी स्वतः उशिरा आले तर वक्तशीरपणाचा पाठ कोणी घेत नाही.

आपली वस्ती विखुरलेली, कारखान्यांच्या पाळ्या निरनिराळ्या. येथे भोंगा चालणार नाही. परंतु प्रत्येक घराने आपल्या सोयीचा दीड तास ठरवावा. घरातील ज्येष्ठाने आपला मोबाइल प्रथम कोनाड्यात ठेवावा, मगच मुलांकडे मागावा. घरात आजारी माणूस असेल किंवा कोणी कामावर हजर असेल, तर अर्थातच अपवाद करावा. त्या वेळात उपदेश मात्र नको. मुलांचे ऐकावे, म्हाताऱ्यांची विचारपूस करावी.

आम्ही हा नेम घरी चालविला आहे. तो कधी मोडतो, बहुधा आमच्याच हातून. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा धरतो. येत्या गुढीपाडव्यापासून एक महिना आपणही करून पाहावे आणि पुढील मेळाव्यात बरावाईट अनुभव मोकळेपणाने सांगावा.