चुंबकसूची आणि मंगळाचे पाणी



पाण्याची किंमत काय असते हे ज्या जिल्ह्याला कोणी सांगावे लागत नाही, अशा जिल्ह्यात आजचे हे व्याख्यान होत आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला की माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : पाणी गेले कोठे? आज मी हाच प्रश्न थोडा दूर नेणार आहे. मंगळावर नद्यांची कोरडी पात्रे आहेत, त्रिभुज प्रदेशांत साचलेला गाळ आहे. म्हणजे कोणे एके काळी तेथे पाणी वाहत होते. आज तेथील हवेचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. उघड्यावर पाणी टिकत नाही. मग ते पाणी आणि ती हवा गेली कोठे?

या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ एका चुंबकसूचीपाशी येऊन पोहोचले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी मंगळ सोडून आपण प्रथम मुंबईला जाऊ.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची पद्धतशीर नोंद होऊ लागली. टांगलेली सूची किती हलली, हे डोळ्यांनी पाहून वहीत लिहावयाचे. दिवसा आणि रात्रीही. काम मोठे कंटाळवाणे. पण २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील एका प्रचंड उद्रेकाचा तडाखा पृथ्वीला बसला, तेव्हा त्या वह्यांत त्याची नोंद उतरली. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. तेव्हा असे दिसले की कुलाब्याचे क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळले होते. नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजण्याचे फार लहान माप होय. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हे क्षेत्र स्थळपरत्वे सुमारे २५,००० पासून ६५,००० नॅनोटेस्लांपर्यंत असते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. विजेचा प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकक्षेत्र निर्माण होते. ट्रामच्या गलबल्यात पृथ्वीची कुजबुज ऐकू कशी यावी? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडून घेतली, म्हणजे साखळी तुटू नये. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची, आणि तिच्यात लोखंड नाही.

आता कोणी विचारील, आपला सह्याद्रीचा काळा दगड जवळ असताना तो का वापरला नाही? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. तो दगड स्वतःच चुंबक आहे!

आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई, १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. ते काय आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून वर आलेल्या लाव्हाचे थरांवर थर. लाव्हा तापलेला असताना त्यात चुंबकत्व टिकत नाही. तो निवत निवत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातील लोहयुक्त कण त्या क्षणी पृथ्वीचे क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा धरतात आणि मग सहसा सोडीत नाहीत. जणू पाटीवरील अक्षर दगडात कोरले गेले. १९५० नंतरच्या दशकात डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासारख्या संशोधकांनी दख्खनच्या या दगडांतील अक्षरे वाचली. त्यातून दोन गोष्टी समजल्या. लाव्हा वाहिला तेव्हा आपली ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस कोठेतरी होती आणि नंतर उत्तरेकडे सरकत आली. आणि त्या काळी बराच वेळ पृथ्वीचे चुंबकत्व आजच्या उलट होते. म्हणजे आपल्या घराच्या जोत्याचा दगडही इतिहास सांगतो, फक्त तो वाचणारा पाहिजे.

आता मंगळाकडे वळू. ११ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेचे ‘मार्स ग्लोबल सर्व्हेअर’ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. त्यावरील चुंबकमापकात लोहचुंबकी गाभ्याभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वीजप्रवाह सोडला की बाहेरच्या क्षेत्रामुळे गाभ्याचे वागणे एका बाजूस किंचित झुकते, आणि तो झुकाव मोजून क्षेत्र समजते. एकमेकांना काटकोनात असे तीन संवेदक बसविले की दिशाही कळते. पण येथेही ट्रामचीच अडचण! यानाच्या स्वतःच्या तारांतून वीज वाहते. म्हणून या यानाचे मापक सौरपंखांच्या टोकांना बसविले होते. आपल्या ‘आदित्य-एल१’ यानावरही, २०२३ मध्ये ते निघाले तेव्हा, ६ मीटर लांबीच्या दांड्यावर दोन संवेदक निरनिराळ्या अंतरावर ठेवले. दोहोंच्या मोजणीत जो फरक पडतो, त्यावरून यानाचे स्वतःचे क्षेत्र वजा करता येते. कुलाब्याहून अलिबागला जाण्यामागील शहाणपण आता अंतराळात गेले, एवढेच.

या मंगळावरच्या यानाचा एक सौरपंख नीट अडकून बसला नव्हता. म्हणून वातावरणाला घासून कक्षा लहान करण्याचे काम जपून, हळूहळू करावे लागले. नकाशे काढण्याचे मुख्य काम सुमारे एक वर्ष लांबले. पण तेवढ्या काळात ते यान वारंवार पृष्ठभागाच्या शे-सव्वाशे किलोमीटर जवळ उतरत राहिले आणि चुंबकमापकाला न ठरविलेली मेजवानी मिळाली. काय आढळले? मंगळाला आपल्यासारखे सर्वव्यापी क्षेत्र नाही. पण दक्षिण गोलार्धातील प्राचीन खडकांत चुंबकत्व गोठलेले आहे, आणि तेही पृथ्वीच्या कवचापेक्षा पुष्कळ तीव्र. म्हणजे आपल्या कळसूबाईसारखीच साक्ष! मंगळाच्या पोटात एके काळी वितळलेले लोखंड घुसळत होते, क्षेत्र निर्माण करीत होते. परंतु हेल्लास नावाच्या दोन हजारांहून अधिक किलोमीटर रुंदीच्या प्रचंड आघात-खोऱ्यात चुंबकत्व जवळजवळ नाही. आघाताच्या उष्णतेने जुने अक्षर पुसले. खडक पुन्हा निवाला तेव्हा लिहिणारा हात थांबला होता. पुष्कळांच्या मते ही गोष्ट सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीची. काही संशोधक तो काळ आणखी अलीकडे आणतात. यानांनी कक्षेतून जे मोजले त्याची पडताळणी २०१८ मध्ये उतरलेल्या ‘इनसाइट’ यानाने जमिनीवरून केली. तेथे क्षेत्र सुमारे २,००० नॅनोटेस्ला भरले, कक्षेवरून केलेल्या अंदाजाच्या दहापट. दुरून पाहिलेले आणि जवळून मोजलेले यांत इतका फरक पडतो!

आता पाण्याचा प्रश्न. सप्टेंबर २०१४ मध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन याने मंगळाभोवती पोहोचली : अमेरिकेचे ‘मेव्हन’ आणि आपले मंगळयान. आपल्या यानावर चुंबकमापक नव्हता. ते काम ‘मेव्हन’ने केले. सूर्याकडून येणारा कणांचा वारा मंगळाची हवा दर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या वेगाने ओढून नेतो, आणि सौरवादळात हा वेग वाढतो, असे त्याच्या मोजणीतून दिसले. शंभर ग्रॅम म्हणजे वाण्याच्या तागडीतील एक लहान माप. पण कोट्यवधी वर्षे ती तागडी चालू राहिली तर?

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. “ढाल गेली आणि पाणी गेले” हे वाक्य ऐकण्यास गोड आहे, पण शुक्र आडवा येतो. शुक्राला स्वतःचे चुंबकक्षेत्र नाही, तरी त्याच्या हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे. मंगळ लहान, त्याचे गुरुत्वाकर्षण दुबळे. तेही कारण असलेच पाहिजे. शिवाय तेथील बरेच पाणी बर्फाच्या आणि खनिजांच्या रूपाने जमिनीतही आहे. चुंबकक्षेत्र गेल्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. विहीर आटली की आपणही एकच कारण पुढे करतो : पाऊस नाही. पण उपसा किती झाला, ओढ्यावर बांध होता की नाही, हे कोणी मोजलेले असते काय? न मोजता दिलेले उत्तर म्हणजे केवळ मत होय.

मित्रहो, कुलाब्याच्या त्या नोंद करणाऱ्या माणसाला आपली वही दीडशे वर्षांनी कोणी उघडील हे ठाऊक नव्हते. त्याने त्या दिवशी आळस केला असता तर पृथ्वीवरील त्या महावादळाची एक मोलाची साक्ष नाहीशी झाली असती. आपल्या गावातही पर्जन्यमापक असतो, विहिरीच्या पातळीची नोंद असते. ती कोणी नेमाने लिहितो का, एवढे उद्या घरी गेल्यावर विचारा. मंगळाच्या पाण्याचा हिशेब लागेल तेव्हा लागेल. आपल्या पाण्याच्या हिशेबाची वही मात्र आपल्याच हातात आहे.