पंख हलवून गेलेलं विमान

२२ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं बोइंग ७४७, म्हणजे आपलं जम्बो जेट, मुंबईच्या विमानतळावरून उडालं. आत एकही प्रवासी नव्हता. विमान विकलं गेलं होतं. अमेरिकेत नेऊन त्याचे सुटे भाग काढायचे होते. जमीन सोडल्यावर वैमानिकानं ते किंचित एका अंगाला झुकवलं, मग दुसऱ्या अंगाला. वैमानिकांचा हा निरोपाचा नमस्कार असतो.

माझा भाचा त्या दिवशी ऑफिसला दांडी मारून कॅमेरा घेऊन गेला होता. घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याला म्हणालो, ‘‘अरे, विमान होतं ते. कुणी माणूस नव्हतं.’’ तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझ्या त्या वाक्यात काहीतरी चुकलं होतं. काय चुकलं, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही कुर्ल्याचे. उतरायला निघालेली विमानं आमच्या डोक्यावरून जातात. लहानपणी विमान आलं की घरात बोलणं तिथंच थांबायचं आणि ते गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं व्हायचं. आम्ही त्या आवाजाला कंटाळलो आणि भाचा त्याच आवाजाच्या प्रेमात पडला. त्याच्याकडे एक जाड वही आहे. दिसलेल्या प्रत्येक विमानाचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, सगळं त्यात लिहिलेलं. जगभर असे शौकीन आहेत. विमानतळाच्या कुंपणाशी ते तासन् तास उभे असतात. लोक त्यांना वेडे म्हणतात. मीही म्हणत होतो.

जम्बोचं वेड निदान समजण्यासारखं होतं. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी ते पहिल्यांदा उडालं. एअर इंडियाकडे ते १९७१ साली आलं. चार इंजिनं, पुढच्या भागावर वरचा मजला आणि आपल्याकडे तर प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात रंगवलेली झरोक्याची महिरप. नावंही सम्राटांची : अशोक, शाहजहान, विक्रमादित्य. शेवटी हिशेब आडवा आला. दोन इंजिनांची नवी विमानं कमी इंधनात तेवढीच लांब जाऊ लागली. एकूण १,५७४ जम्बो बनली आणि शेवटचं कारखान्यानं जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली केलं.

माझं भांडण होतं ते भाच्याच्या कपाटातल्या दुसऱ्या विमानाशी. तिथं स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्रतिकृती आहे. त्यानं स्वतः चिकटवून, रंगवून केलेली. मी एकदा म्हणालो, ‘‘माणसं मारायला केलेल्या यंत्रावर कसला जीव लावतोस?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, म्युझियममध्ये तलवारीच्या मुठीवरची नक्षी तुम्ही किती वेळ बघत बसता?’’ उत्तर तोडीस तोड होतं, पण माझं समाधान झालं नाही. मग त्यानं वही उघडून माझ्यापुढं ठेवली.

स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल. १९३३ साली त्यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते कामावर येत राहिले. एवढंच नव्हे, स्वतः विमान चालवायला शिकले. त्यांना पंख पातळ हवा होता, कारण पातळ पंखाला हवेचा अडथळा कमी. पण त्याच पंखात मशिनगन आणि दुमडलेली चाकंही मावायला हवी होती. म्हणून तो मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळता, लंबगोल झाला. आज लोक ज्या आकारावर भाळतात, तो असा गरजेतून आला. ५ मार्च १९३६ रोजी विमान पहिल्यांदा उडालं आणि जून १९३७ मध्ये मिचेल गेले. वय ४२. पुढं त्यांच्या विमानाच्या वीस हजारांहून अधिक प्रती निघाल्या. युद्ध त्यांनी पाहिलंच नाही.

त्याखाली भाच्यानं लाल शाईनं एक आकडा लिहिला होता : ५४४. १९४० च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली, तीत ब्रिटनच्या बाजूनं सुमारे तीन हजार हवाई सैनिक लढले. त्यांपैकी ५४४ त्या लढाईत गेले. जर्मनांकडचे त्याहून कितीतरी जास्त. भाचा म्हणाला, ‘‘मामू, विमान आवडतं म्हणून हा आकडा मला ठाऊक आहे. तुम्हाला विमान आवडत नाही, तुम्हाला कुठं ठाऊक होता?’’

मी गप्प झालो. शांततेच्या कविता मीही लिहितो, पण त्या ५४४ जणांची मी कधी चौकशी केली नव्हती.

वहीच्या पुढच्या पानावर हरिकेन होतं. त्या लढाईत जर्मन विमानं जास्त पाडली ती हरिकेननं. नाव मात्र झालं स्पिटफायरचं, कारण ते देखणं. हरिकेनच्या शेपटीकडचा भाग लाकूड आणि कापडाचा. दुरुस्तीला सोपा, मार खाऊन परत येणारा. घर चालवणारा एक आणि फोटोत दिसणारा दुसरा, हे आपल्या प्रत्येकाच्या कुटुंबात असतं. आपले महिंदरसिंग पुज्जी १९४० साली ब्रिटिश हवाई दलात गेले आणि डोक्यावर पगडी ठेवूनच हरिकेन चालवू लागले. त्यांचं निधन २०१० साली झालं.

ही विमानं काचेमागे का ठेवत नाहीत, उडवायची कशाला, असंही मी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. ब्रिटनच्या हवाई दलानं १९५७ पासून जुन्या लढाऊ विमानांचं एक पथक राखलं आहे. २५ मे २०२४ रोजी त्याच पथकाचं एक स्पिटफायर कोसळलं आणि वैमानिकाचा जीव गेला. जुन्या यंत्रावरचं प्रेम फुकट मिळत नाही. भाचा म्हणाला, ‘‘बंद विमान दिसतं, मामू, पण ऐकू येत नाही.’’ त्याचं म्हणणं मला आजही पुरतं पटत नाही. पण त्या वैमानिकाची बातमी आली त्या रात्री तो जेवला नव्हता, हे मी पाहिलं आहे.

आता वहीतलं एकच पान सांगतो. कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, माशासारखं वळणदार विमान. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला आपलं पहिलं परदेशी उड्डाण याच जातीच्या विमानानं केलं. याच जातीचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जकार्ताकडे निघालं. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. समुद्रावर असताना विमानात दडवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला, आग लागली. कप्तान होते दामोदर जटार. धुरानं भरलेलं विमान त्यांनी पाण्यापर्यंत आणलं. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं वाटत राहिल्या. १९ जणांपैकी तिघे वाचले. जटार आणि बेरी वाचले नाहीत. त्या कर्मचाऱ्यांना अशोकचक्र देण्यात आलं. भाच्याच्या वहीत कॉन्स्टेलेशनच्या सुरेख चित्राशेजारी ही नावं आहेत. जटारांचं नाव एका मराठी कवीला त्याच्या भाच्याकडून कळावं, याची मला शरम वाटली.

तेव्हा कुठं मला माझं वाक्य आठवलं. ‘कुणी माणूस नव्हतं.’ विमान माणूस नसतंच. पण त्यातून गेलेली माणसं लक्षात ठेवायची, तर ते विमानही लक्षात ठेवावं लागतं.

माझे नाना हजला बोटीनं गेले होते. मुंबईहून जाणारी हजची जहाजं १९९५ साली बंद झाली. अम्मी १९९८ साली गेली ती जम्बोनं. आयुष्यातलं तिचं पहिलं विमान. परत आल्यावर मक्का-मदिनेचं सगळं सांगून झालं आणि मग हळूच म्हणाली, ‘‘आणि खिडक्या कशा, महालासारख्या!’’ आता अम्मी नाही.

जम्बो गेलं त्या रात्री भाच्यानं विचारलं, ‘‘नानी कोणत्या विमानानं गेली होती? नंबर काय?’’ तिकीट कुणी जपून ठेवलं नव्हतं. नंबर आता कळण्यासारखा नाही. त्यानं वहीत एक नवी ओळ आखली. साल १९९८, मुंबई ते जेद्दा. नंबराची जागा कोरी सोडली आणि पुढं नानीचं नाव लिहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)