चेहरे ओळखणारे कॅमेरे : कोणासाठी आणि कोणाच्या अनुमतीने?

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धानाच्या भावाचा आणि विडी कामगारांच्या मजुरीचा प्रश्न समोर असताना कॅमेऱ्यांवर व्याख्यान कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. ती रास्त आहे. परंतु हे यंत्र आपल्या दाराशी आले आहे. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत पोलिसांचे कॅमेरे बसवण्याचे ठरले आणि २०१६ मध्ये ते जाळे उभे राहिले. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. तिचे काम नागपुरातून चालते. २०२५ च्या आरंभी मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावर चेहरा पडताळणारी यंत्रणा आली. नागपूर येथून साठेक किलोमीटरवर आहे. जे तेथे बसते, ते येथे येण्यास फार काळ लागत नाही.

साधा कॅमेरा घडलेले टिपून ठेवतो. चोरी झाली तर माणूस बसून ते चित्र पाहतो. नवे यंत्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मोजते, त्या मोजमापाचे आकड्यांत रूपांतर करते आणि ते आकडे आधीच साठवलेल्या छायाचित्रांच्या आकड्यांशी ताडून पाहते. दोन चेहरे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. म्हणून किती साम्य आढळले म्हणजे ‘हाच तो’ म्हणायचे, याची एक मर्यादा यंत्र बसवताना ठरवावी लागते. ती खाली ओढली तर निरपराध अडकतात. वर नेली तर हवा असलेला माणूस निसटतो. हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण कोणाच्या चुकीचा भार कोणी सोसायचा हेच त्यात ठरत असते. माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये सांगितले की ऐंशी टक्के साम्य आढळले की ते जुळणी झाली असे मानतात. ऐंशीच का, नव्वद का नाही? ती रेषा कोणत्याही विधिमंडळाने आखलेली नाही.

अर्थशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे थोडे गणित मांडल्याशिवाय मला राहवत नाही. समजा, एखाद्या बसस्थानकावर दिवसाला वीस हजार माणसे येतात आणि त्यांत खरोखर हवे असलेले दोघे आहेत. विक्रेता सांगतो की यंत्र हजारात एकदाच चुकते. ऐकणारा खूश होतो. पण हजारात एक म्हणजे वीस हजारांत वीस. दोघे खरे सापडले असे धरले तरी बावीस वेळा घंटा वाजेल आणि त्यांतील वीस वेळा पोलीस निरपराध माणसाचा हात धरतील. विक्रेत्याचा आकडा खोटा नसतो. तो फक्त आपल्याला हव्या त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. आणि हे झाले चांगल्या यंत्राचे. हरवलेली मुले शोधण्यासाठी दिल्ली पोलिसांनी घेतलेल्या यंत्रणेची अचूकता अवघी दोन टक्के असल्याचे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले होते.

चूक सर्वांवर सारखी पडत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधिकांनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी बाजारातील यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण एका टक्क्याच्या आत होते. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते चौतीस टक्क्यांपर्यंत गेले. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, हे मान्य. पण रोवणीच्या दिवसांत उन्हात रापलेल्या आपल्या बायाबापड्यांच्या चेहऱ्यांवर ती कोणी तपासली? १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. नेटवर्क नसेल, चेहरा जुळला नाही, तर गरोदर बाईने रिकाम्या हाताने परत जावे, ही सुरक्षितता म्हणायची का?

‘ज्याने गुन्हा केला नाही त्याला भय कशाचे?’ असे आपल्याला विचारले जाईल. या जिल्ह्यात तरी त्याचे उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या घरातील आईने आपल्या एका आप्तावर झालेल्या हल्ल्याची साक्ष दिली होती; हल्लेखोर कोण, हे तिने पोलिसांना सांगितले होते. ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी गावाचा जमाव त्या घरावर चालून गेला. चेहरे सर्वांना ठाऊक होते. तिला ठाऊक होते, गावाला ठाऊक होते, पोलिसांना ठाऊक होते. उणीव होती ती साक्षीदाराच्या संरक्षणाची. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. जातीचा चेहरा न्यायालयालाही दिसला नाही. तो कोणता कॅमेरा दाखवणार होता?

उलट बाजू पाहा. ११ मार्च २०२० रोजी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की दिल्लीच्या दंगलीनंतर अकराशेहून अधिक लोक या तंत्राने ओळखले गेले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रे व वाहन परवाने यांवरील छायाचित्रे वापरली. दंगलखोर पकडले जावेत, यात वाद नाही. पण मतदानासाठी दिलेले छायाचित्र पोलिसांच्या यादीत गेले, ते कोणाला विचारून? उद्या जिल्हाधिकारी कार्यालयावर धानाच्या बोनससाठी निघालेल्या मोर्चाचे चेहरे असेच ताडले गेले, तर मोलमजुरी करणारी बाई पुढच्या मोर्चाला येईल का, याचा विचार आपण केला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय प्रमाणशीर हवा, असेही सांगितले. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने तर सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली आहे. दुकानदार आपल्या गल्ल्यावर कॅमेरा लावतो, त्याला माझा विरोध नाही. सत्तेच्या हाती प्रत्येकाचा चेहरा देणे ही निराळी गोष्ट आहे.

तेव्हा कामाचे बोलू. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली या नगरपरिषदांकडे व जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे माहितीच्या अधिकाराचे अर्ज द्यावेत. कॅमेऱ्यांना चेहरा ओळखण्याची जोड आहे का, किंवा तशी निविदा निघाली आहे का. साम्याची मर्यादा किती आणि ती कोणी ठरवली. ताडण्याच्या यादीत कोणाची छायाचित्रे आहेत. चित्रे किती दिवस ठेवतात. चुकीने अडवलेल्याला भरपाई कोण देणार, हे विचारावे. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. अर्जांचा मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने न्यावा.