कल्पतरूचे नाव आणि अंगणातला माड



अमरकोशात पाच देववृक्ष सांगितले आहेत : मंदार, पारिजातक, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन. यांपैकी पारिजातक परसात उतरला, मंदाराचे नाव रुईला मिळाले. परंतु मनुष्याच्या मनात खरे घर केले ते मागेल ते देणाऱ्या कल्पवृक्षाने.

ग्रंथकारांनी हे नाव मोठ्या हौसेने घेतले. देवगिरीच्या यादवांच्या काळी हेमाद्रीच्या आश्रयास असलेल्या बोपदेवाने आपल्या पद्यमय धातुसंग्रहास 'कविकल्पद्रुम' म्हटले. त्याच तेराव्या शतकात अमलानंदाने 'भामती'वरील टीकेस 'वेदान्तकल्पतरु' हे नाव दिले. पुढे अप्पय्य दीक्षितांनी त्या टीकेवरही टीका लिहिली आणि तिचे नाव 'परिमल' ठेवले. तरू म्हटला की सुगंध आलाच! एकोणिसाव्या शतकात राजा राधाकांत देव यांनी कलकत्त्यास 'शब्दकल्पद्रुम' हा संस्कृत कोश सिद्ध केला. या सर्व नावांतील अभिवचन एकच : जे मागाल ते येथे मिळेल. मात्र मिळते ते ग्रंथ उघडणाऱ्यालाच.

वनस्पतींच्या बाबतीतही तसेच आहे. अजमेरजवळ मांगलियावास येथे गोरखचिंचेचे वृक्ष कल्पवृक्ष म्हणून पूजिले जातात. गोमंतकात व कोकणात तो मान माडाचा. झावळ्यांचे छप्पर, काथ्याचा दोर, खोबरे, तेल, करवंटीची डवली आणि देवापुढचे श्रीफळ; एका झाडाने याहून अधिक काय द्यावे?

परंतु केवळ नावाने झाड राखले जात नाही. २०१६ साली गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन माड 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. पिढ्यानपिढ्या ज्याला कल्पवृक्ष म्हटले, तो कायद्याच्या लेखी साधा वृक्षही उरला नाही! लोकांनी विरोध केला. २०१७ साली माडाला ते संरक्षण पुन्हा मिळाले आणि राज्यवृक्षाचा मानही लाभला.

स्वर्गातील कल्पवृक्षाला आळे करावे लागत नाही. अंगणातल्या माडाला आळे हवे, पाणी हवे, खत हवे, आणि नारळ उतरविण्यास पाडेली हवा. बाणवली माड लावणाऱ्याला फळासाठी सहा-सात वर्षे धीर धरावा लागतो. आजोबांनी लावलेल्या माडाचा नारळ नातू देवापुढे ठेवतो, तेव्हा त्या दानामागे कोणाचे तरी श्रम असतात. म्हणून श्रीचरणी श्रीफळ वाहणाऱ्या प्रत्येक घराने एक तरी रोप लावावे व ते जगवावे. कल्पतरू हे नाव तेव्हाच सार्थ होईल.